सात पाण्यांची काच

मार्च लागला की प्रयोगशाळेतले पंखे बंद होतात. प्रात्यक्षिक परीक्षा चालू असताना पंखा लावत नाहीत. बर्नरची ज्योत हलते, काट्यावर ठेवलेली पूड उडते. बाहेर नाशिकचं ऊन चढत जातं आणि आत वीस मुलं, वीस ज्योती आणि एक बाहेरून आलेली परीक्षक, असे सगळे मिळून घाम पुसत बसतात. यंदा ती परीक्षक मी आहे. पंचवटीकडच्या एका कॉलेजात चार दिवसांची ड्युटी लागली आहे. खिडकीतून भाजीबाजाराचा, कोथिंबिरीच्या जुड्यांचा वास येतो आणि आतल्या अमोनियाच्या वासात मिसळतो. दोन्ही वास मला आता सारखेच थकवतात.

खरं सांगायचं तर मला या ऋतूचा कंटाळा आला आहे. पंचवीसहून अधिक वर्षं मी परीक्षा घेते आहे. तेच तोंडी प्रश्न, तीच घाबरून दिलेली उत्तरं, तोच स्टीलच्या ताटलीतला वडा. पहिल्या दिवशी मी सवयीनं ओळीनं फिरले आणि एकेकाची काच उजेडाला धरून पाहिली. जवळजवळ सगळ्या ब्यूरेटच्या, म्हणजे द्रावण मोजून सोडायच्या लांब नळ्यांच्या, आतल्या अंगाला थेंब चिकटलेले. काच साबणानं धुतली होती, वाईट धुतली होती अशातला भाग नाही. पण ती माझ्या ओळखीची काच नव्हती. माझ्या ओळखीची काच निकम मामा धुवायचे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी बी.एस्सी.ला आले तेव्हा मामा आमच्या प्रयोगशाळेत जुने झालेले होते. कॉलेजात प्रयोगशाळेच्या सगळ्याच शिपायांना मामा म्हणतात, पण आमच्याकडे नुसतं मामा म्हटलं की ते निकम मामाच. सटाण्याकडचे. खाकी शर्टाला आम्लाची बारीक बारीक भोकं, आणि बोटांची टोकं कायमची पिवळी. मी देवळाली कॅम्पहून बसनं यायचे. आमच्या घराच्या खिडक्यांची तावदानं लष्कराच्या तोफांच्या सरावानं वर्षभर खुळखुळायची, त्यामुळे काच म्हणजे वाजणारी वस्तू एवढंच मला ठाऊक होतं. तिच्यावरून पाणी कसं वाहून जातं हे मामांनी दाखवलं. त्यांनी एक फ्लास्क पाण्यानं भरला, ओतून रिकामा केला आणि माझ्या डोळ्यांसमोर धरला. पाणी एकसलग पापुद्र्यासारखं खाली सरकत गेलं, मागे एकही थेंब नाही. मग त्यांनी माझा फ्लास्क तसाच धरला. त्यात थेंबच थेंब.

"हे थेंब हायेत ना, ते मळावर बसतात पोरी. काचेवर पाणी बसत नाय, काचेवरून जातं," ते म्हणाले.

खिडकीखालच्या कोपऱ्यात झाकणाची एक मोठी बरणी होती. तिच्यात क्रोमिक आम्ल, म्हणजे तीव्र गंधकाम्लात विरघळवलेलं डायक्रोमेट. गडद, केशरी, काकवीसारखं जड. काचेवरचा कसलाही चिकट मळ ते जाळून टाकायचं. एरवी वर्षभर काच साध्या साबणानंच धुतली जायची, पण परीक्षेचे दिवस जवळ आले की मामा ती बरणी बाहेर काढायचे. प्रयोगशाळेतला एकूण एक फ्लास्क, पिपेट, ब्यूरेट त्या आम्लात बुडायचा, आणि मग सात पाण्यांनी धुतला जायचा. सात म्हणजे सात. मामा ओठांत मोजायचे. बाहेरचा परीक्षक आला की आधी काच उजेडाला धरतो आणि मग मुलांकडे बघतो, असं त्यांचं म्हणणं होतं. काच चकचकीत असली की साहेबाचं मन नरम होतं आणि पोरांना दोन मार्क जास्त पडतात. हे खरं होतं की नाही देव जाणे. पण आमच्या अख्ख्या बॅचचा त्यावर विश्वास होता.

त्या वर्षांतला मार्च नाकात शिल्लक आहे. सडक्या अंड्याच्या वासाचा वायू घेऊन आम्ही क्षार ओळखायचो. तो वास ओढणीत, वेणीत, डब्याच्या पोळीत जायचा. परतीच्या बसमध्ये कॅम्पातल्या जवानांच्या बायका माझ्या शेजारची जागा सोडून उभ्या राहायच्या. घरी दादा, म्हणजे माझे वडील, दार उघडताच म्हणायचे, आली आमची शास्त्रज्ञ. ते कारकून होते, आणि त्या वासाचा त्यांना फार अभिमान होता. आमच्या वस्तीतली मी पहिली एम.एस्सी. झाले त्या वर्षी चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत त्यांनी मला सगळ्यांच्या पुढे चालायला लावलं होतं. मला चप्पल चावत होती आणि दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा होती. माझ्या आयुष्यात बहुतेक चांगल्या गोष्टी परीक्षेच्या आदल्या दिवशी आल्या आहेत.

पुढे मी त्याच कॉलेजात शिकवायला लागले. पोरीची मॅडम झाले, मामा मामाच राहिले. नंतर काही वर्षांनी वैद्य सरांच्या हाताखाली पीएच.डी.ला नाव नोंदवलं. सर आमचे विभागप्रमुख. सडपातळ, अबोल, आणि निवृत्तीला थोडी वर्षं उरलेले. जगात तेव्हा सोन्याच्या रसायनांची हवा होती. इतकी शतकं ज्याला आळशी धातू म्हणून अंगावर मिरवलं, तेच सोनं उत्तम कामगार होऊ शकतं असा नवा शोध लागला होता, आणि सरांना नाशकात बसून त्यात चार ओळी तरी लिहायच्या होत्या. त्या चार ओळी त्यांनी माझ्यावर सोपवल्या.

माझा विषय थोडक्यात सांगते. कार्बन हा चार हातांचा अणू. त्याचे दोनच हात कामाला लागलेले आणि बाकीचा जीव मोकळा, अशा अवस्थेत त्याला कार्बीन म्हणतात. मोकळं सोडलं तर ते समोर येईल त्याला धरून संपून जातं. पण त्याच्या हाती सोन्याचा अणू दिला की दोघंही निवांत होतात, बाटलीत पूड होऊन वर्षानुवर्षं पडून राहतात. माझ्या कार्बीनला मी आणखी एक शेपूट जोडलं होतं. दोन कड्यांच्या मधे दाबून बसवलेला लोखंडाचा अणू. त्यानं पुडीला सुरेख केशरी रंग यायचा. या सोन्यानं उत्प्रेरक व्हावं अशी अपेक्षा होती. म्हणजे स्वतः न संपता दुसऱ्या एका लांबट रेणूची टोकं जुळवावीत, त्याचं कडं करून द्यावं आणि पुढच्या रेणूकडे वळावं.

ते काहीच करायचं नाही. दोन वर्षं मी ते वेगवेगळ्या द्रावकांत विरघळवलं, तापवलं, थंड केलं, रात्रभर ढवळलं. सकाळी लांबट रेणू लांबटच. पहिल्या वर्षी परीक्षांच्या दिवसांत मात्र माझं काम बंदच होतं. सकाळी तास घ्यायचे, दुपारी मुलांची प्रात्यक्षिकं, आणि मग मुलं गेली की माझं सोनं. कॅम्पची बस पकडताना पायांत गोळे आलेले असायचे. मामा हे सगळं बघायचे. सराफ बाजारात दुकानांसमोरची धूळ गोळा करून, ती धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी असतात. त्यांची आठवण काढून ते मला चिडवायचे. झारेकरी मातीतून सोनं काढतात आणि आमच्या मॅडम सोन्याची माती करतात, म्हणायचे. मी हसायचे. पहिल्या वर्षी खरंखुरं हसायचे, दुसऱ्या वर्षी नुसते दात दाखवायचे.

मग तो मार्च आला. पिंपळगावकडून द्राक्षांचे ट्रक गावातून जायला लागले होते, टाकीतलं पाणी तळाशी गेलं होतं आणि परीक्षेच्या याद्या लागल्या होत्या. एका संध्याकाळी मी काहीही आशा न ठेवता, कालचीच कृती पुन्हा केली. सकाळी येऊन पाहिलं तर लांबट रेणू शिल्लकच नव्हता, सगळ्याचं कडं झालेलं. मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. आठवड्याभरात सहा वेळा केलं आणि सहाही वेळा सोन्यानं काम केलं. द्रावणाला थोडी हिरवट झाक यायची, ती मी वहीत लिहून ठेवली आणि विसरले. वैद्य सर त्या दिवशी माझ्या टेबलापर्यंत चालत आले. हे त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं. पुण्याच्या एका परिषदेसाठी त्यांनी निबंधाचा सारांश धाडून दिला. दादांनी वस्तीत पेढे वाटले. मी त्यांना सांगत होते की अजून प्रबंध व्हायचा आहे, पण पेढे वाटणाऱ्या माणसाला कोण थांबवणार.

जूनमध्ये कॉलेज उघडलं आणि सोनं मेलं.

तीच पूड, तीच कृती, तेच हात. एकदा नाही, दहा वेळा. परिषदेत सरांना लोकांनी प्रश्न विचारले आणि सरांनी, आमची विद्यार्थिनी पडताळणी करते आहे, असं उत्तर दिलं. ते नाशकात परतले तेव्हा मला काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं मला फार लागलं. मी कारणं शोधू लागले. हवेतली आर्द्रता, द्रावकाची नवी बाटली, वीज जाणं. आणि मग, माणूस दमला की शेवटी ज्याच्यावर ओरडता येतं त्याच्याकडे वळतो तशी मी मामांकडे वळले.

तेव्हा दुसऱ्या वर्षाची मुलं प्रयोग करत होती. मामा माझे फ्लास्क साबणानं घासत होते. मी सगळ्यांच्या देखत त्यांच्या हातातून फ्लास्क ओढून घेतला आणि म्हणाले, "मामा, माझ्या काचेला हात लावू नका. तुमच्या धुण्यानं माझी दोन वर्षं पाण्यात गेलीत."

त्यांनी हात पुसले. बरं, म्हणाले. पुढे वर्षभर माझ्या कपाटातली काच मीच धुतली, आणि वर्षभर सोनं मेलेलंच राहिलं. मामा सकाळी माझ्या टेबलाची धूळ पुसायचे, आणि फ्लास्क ठेवलेला असेल तेवढी जागा सोडून फडकं फिरवायचे. मला ते दिसायचं. दोन शब्द बोलले असते तर विषय मिटला असता, पण दोन शब्द बोलायलाही अंगात त्राण लागतं. किंवा असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मला लाज वाटत होती, आणि लाजेला मी थकवा म्हणत होते.

ते वर्ष आठवलं की अजूनही खांदे भरून येतात. प्रबंधाची वाढवून घेतलेली मुदत मे महिन्यात संपणार होती. त्याच महिन्यात सर निवृत्त होणार होते, आणि मामाही. दोघंही एकाच दिवशी कॉलेज सोडणार हा योगायोग सगळ्यांना गमतीचा वाटायचा. मला तो आठवला की जेवण जायचं नाही. दादांनी पेढ्यांचा विषय काढणं बंद केलं होतं. वस्तीत कुणी विचारलं तर ते म्हणत, संशोधनाला वेळ लागतो. कारकुनाच्या नोकरीत त्यांनी सगळी कामं वेळेत केली होती, त्यामुळे हे वाक्य त्यांना जड जात असणार.

पुन्हा मार्च. पुन्हा पंखे बंद. मामांची ही शेवटची परीक्षा होती. एका सकाळी मी लवकर आले तर माझ्या कपाटाचं दार उघडं आणि माझे सगळे फ्लास्क खिडकीत उन्हाला पालथे घातलेले. इतके लखलखीत की खिडकीच्या चौकटीवर उजेडाचे तुकडे पडले होते. वर्षभर न लावलेला हात मामांनी न विचारता लावला होता. मी रागावायला हवं होतं, पण तेवढीही ताकद नव्हती. त्यातलाच एक फ्लास्क उचलला, जुन्या बाटलीतली उरलेली पूड त्यात टाकली आणि ढवळायला लावून परीक्षेच्या कामाला गेले. कपाट रिकामं करायचं एवढाच हेतू होता.

संध्याकाळी द्रावण हिरवट दिसलं. दुसऱ्या सकाळी लांबट रेणूचं कडं झालेलं.

मी स्टुलावर बसले. मागच्या वर्षीची वही काढली आणि पानं उलटली. हिरवट झाक, हिरवट झाक, हिरवट झाक. सगळ्या तारखा परीक्षेच्या. मग खिडकीतला दुसरा फ्लास्क घेतला, त्याची घासलेल्या काचेची मान पांढऱ्या कागदासमोर धरली. बुचाच्या खाचेत, केसाएवढ्या रेषेत, फिकट केशरी. क्रोमिक आम्ल. माझी पूडही केशरीच, त्यामुळे इतके दिवस ते दिसलंच नव्हतं.

शाळेतल्या मुलालाही येईल असं उत्तर होतं. ऑक्सिडीकरण म्हणजे इलेक्ट्रॉन काढून घेणं, आणि क्रोमिक आम्लासारखा इलेक्ट्रॉन ओढणारा दुसरा नाही. शेपटातल्या लोखंडाचा एक इलेक्ट्रॉन ते ओढून नेत होतं. मग नारिंगीचं हिरवट होत होतं, कार्बीन हात आखडता घेत होतं, आणि इतकी वर्षं पोटभर इलेक्ट्रॉन मिळत असलेलं सोनं एकदम उपाशी पडत होतं. उपाशी सोनं कामाला लागतं. मी ज्याला माझा शोध समजत होते तो मामांच्या बरणीतून आला होता, आणि ज्यांना मी हात लावू नका म्हणाले त्यांच्या हातानं आला होता.

पुढचे दहा दिवस मी कसे काढले ते मला नीट सांगता येणार नाही. परीक्षाही घेत होते. मोजून मापून, शुद्ध ऑक्सिडीकारक घातला. सोनं जागं झालं. क्षपणकारक घालून इलेक्ट्रॉन परत दिला; सोनं झोपलं. पुन्हा जागं केलं, पुन्हा झोपवलं. दिव्याच्या बटणासारखं चालायचं. सरांनी सगळ्या आकृत्या पाहिल्या, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले की प्रबंध झाला. फक्त सुरुवातीचं प्रकरण प्रामाणिकपणे लिहायचं: हा परिणाम प्रथम कसा दिसला. त्यांनी स्वतःच वाक्य सुचवलं. काचसामान पुरेसं न धुतल्यामुळे त्यावर राहिलेल्या क्रोमिक आम्लाच्या अंशामुळे.

पुरेसं न धुतल्यामुळे. मी ते वाक्य वहीत घेतलं आणि माझा हात थांबला. निकम मामांची सगळी नोकरी, सगळा मान, परीक्षकाला दाखवायची त्यांची ती काच, सगळं या तीन शब्दांत जात होतं. ते इंग्रजी प्रबंध वाचणार नव्हते हे खरं. पण मला त्यांच्याशी खरं बोलायचं होतं, माफी मागायची होती, आणि माफीचं कारण सांगायला गेलं की पहिलंच वाक्य हे येत होतं की मामा, तुमची काच नीट धुतलेली नव्हती.

मी वाट शोधली. क्रोमियम काचेला धरून बसतं, असं पुस्तकात म्हटलेलं आहे. कितीही धुवा, थोडं राहतंच. तसं असेल तर दोष मामांचा नाही, काचेचा. मी बरणीत सात फ्लास्क बुडवले आणि स्वतः धुतले. पहिला एका पाण्यानं, दुसरा दोन, असे सातवा सात पाण्यांनी. सगळ्यांत तीच पूड, तेच द्रावण. एक, दोन आणि तीन पाण्यांच्या फ्लास्कमध्ये सोनं जागं झालं. चार पाण्यांत जेमतेम. पाच, सहा आणि सातमध्ये मेलेलं. मी ते दोनदा करून पाहिलं. म्हणजे मामा सात पाणी देत नव्हते. बहुधा कधीच देत नव्हते, नुसते ओठ हलवत होते. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला. बी.एस्सी.पासून ज्या गोष्टीवर विश्वास ठेवला तीही खोटी निघाली, असं वाटलं.

परीक्षेचा शेवटचा दिवस. मुलं गेली होती. मामा खिडकीजवळ बरणीचं झाकण पुसत उभे होते. मी जाऊन आधी मागच्या जूनची माफी मागितली. त्यांनी मान हलवली, जाऊ द्या असं काहीसं म्हणाले. मग मी सोन्याचं सगळं सांगितलं, आणि शेवटी ठरवून आणलेलं खोटंही सांगितलं: काचच सोडत नाही मामा, कितीही पाणी दिलं तरी थोडं आम्ल राहतंच.

मामांनी झाकण बरणीवर ठेवलं.

"सात पाण्यात काय बी राहत नाय, मॅडम," ते म्हणाले. "तुमच्या काचेला मी तीनच दिली."

ते शांतपणे सांगत गेले. मार्चमध्ये टाकी तळाला जाते. टँकर येतो तो पण अर्धा. सगळ्या काचेला सात पाणी पुरत नाही. मग पोरांच्या काचेला सात आणि मास्तर लोकांच्या काचेला तीन, हा त्यांचा पहिल्यापासूनचा हिशेब. वैद्य सरांच्या काचेलाही तीनच. कुणाला कधी कळलं नव्हतं.

"पोरांचं एका दिवसात वरीस जातं," मामा म्हणाले. "तुमचं काय, आज नाय झालं तर उद्या परत कराल. आणि तुमचं सोनं तर तसं बी मेलेलंच व्हतं." मग म्हणाले, "तुम्ही पोरी होत्या तवा तुमच्या काचेला सातच दिली हायेत. एक बी कमी नाय."

मी तिथे, त्या स्टुलावर बसून रडले. हसूही येत होतं. मामा गडबडले आणि त्यांनी मला चहा आणून दिला. काचेच्या बीकरमध्ये आणला, कारण कप धुतलेले नव्हते. त्या वर्षभरात मी पहिल्यांदा दमलेली नव्हते. किंवा इतकी दमले होते की ते कळत नव्हतं.

प्रबंधात मी सरांचं वाक्य बदललं. तीन पाण्यांनी धुतलेल्या काचसामानात हा परिणाम प्रथम दिसला, असं लिहिलं, आणि सात फ्लास्कची आकृती दिली. परीक्षकांपैकी एकानं विचारलं की ही तीनची संख्या कुठून आली. टाकीतल्या पाण्यावरून, असं मी सांगितलं. ते विनोद समजून हसले. ऋणनिर्देशात निकम मामांचं नाव सरांच्या नावाशेजारी आहे. तो प्रबंध दादांनी देव्हारा नसलेल्या आमच्या घरात, बुद्धमूर्तीच्या शेजारच्या फळीवर ठेवला होता. वाचून कळत नसलेलं ते पुस्तक ते रोज पुसायचे.

मामा सटाण्याला गावी गेले. काही वर्षं त्यांच्या शेतातल्या डाळिंबांची पेटी कॉलेजात यायची, माझ्या नावानं. मग यायची थांबली. मी चौकशी केली नाही. केली असती तर जे कळलं असतं ते ऐकायचं नव्हतं. क्रोमिक आम्लही आता प्रयोगशाळांत ठेवत नाहीत. ते विषारी आहे, हाताला, पाण्याला, सगळ्यालाच. मामांची पिवळी बोटं आठवली की मला ते पटतं. आणि माझ्या सोन्याचं म्हणाल तर, त्याच्यावर मी पुढे आणखी दोन निबंध लिहिले, मग घर, कॉलेज, समित्या, आणि ती पूड अजून कपाटात आहे. तिला कुणी जागं केलेलं नाही.

आज ड्युटीचा चौथा, शेवटचा दिवस. दुपारी एका मुलीची मोजमापं जुळेनात. ती तिसऱ्यांदा ब्यूरेट भरत होती. मी जागेवरून बघत होते. बाहेरच्या परीक्षकानं मुलांना मदत करायची नसते. तिचं गणित बरोबर होतं, हातही वाईट नव्हता. ब्यूरेटच्या आतल्या अंगाला थेंब चिकटून राहत होते, आणि दर वेळी वेगळे, म्हणून मापही दर वेळी वेगळं. मला उठायचा कंटाळा आला होता हे मी कबूल करते. पाय सुजले होते, बस चुकणार होती, आणि वीस मुलांतल्या एकीचं काय, दरवर्षी कुणीतरी असतंच.

मग मी उठले. माझ्या जोडीला असलेल्या, त्याच कॉलेजातल्या परीक्षक बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी मुलीच्या हातातून ब्यूरेट घेतली, तिला सांगितलं की घड्याळ बघू नकोस, आणि बेसिनवर गेले. साबण लावून घासली आणि पाणी द्यायला लागले. माझे ओठ हलत होते असं मागून त्या बाईंनी सांगितलं. चौथ्या पाण्याला नळाची धार बारीक झाली, सहाव्यानंतर बंद पडली. टाकी संपली होती, मार्चच तो. काच उजेडाला धरली. पाणी सरळ खाली चाललं होतं, थेंब दिसत नव्हता. सहा पाण्यांवर चाललं असतं, ते मी स्वतः तपासलेलं आहे. पण माझी प्यायच्या पाण्याची बाटली टेबलावर होती, तळाशी थोडं पाणी असलेली. सातवं पाणी मी त्यातून दिलं.